प्रतिपालक होण्याआधी काय शिकायचं: नाशिक जिल्ह्यातल्या कुटुंबांसाठी

फॉस्टर केअर, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं, कागदोपत्री ज्याला प्रतिपालकत्व म्हणतात, त्यासाठी प्रशिक्षण किती तासांचं, हा पहिला प्रश्न असतो. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 44 मध्ये तासांचा आकडा नाही. कुटुंबाची क्षमता, इच्छा, तयारी आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव बघून निवड करावी, एवढंच कायदा म्हणतो. माहिती देणं, समुपदेशन करणं आणि तयारी करून घेणं हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाचं काम. प्रत्यक्षात याचा अर्थ एखादी माहिती बैठक, दोन-तीन भेटी आणि सह्या, एवढ्यावरही गाडी पुढे जाऊ शकते. मूल घरी आल्यावर तिसऱ्या रात्री जे घडतं, त्याला हे पुरत नाही. म्हणून सरकारी पायऱ्या कोणत्या आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कुटुंबाने स्वतः काय भरायचं, हे दोन्ही इथे एकत्र दिलं आहे.

यूट्यूबवर फॉस्टर पॅरेंटिंगचे जे व्हिडिओ सापडतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथली प्रशिक्षणं पुष्कळ तासांची आणि शिस्तीची. मुलांच्या वागण्याबद्दल त्यातून शिकण्यासारखं खूप आहे, पण कायदा, पैसे आणि हक्क याबद्दल ते जे सांगतात त्यातलं इथे काही लागू होत नाही. ते डोक्यातून काढूनच पुढे वाचा.

आधी शब्द नीट करून घ्या

चौकशीच्या खिडकीपाशी सर्वांत जास्त वेळ जातो तो तीन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे.

दत्तक म्हणजे मूल कायमचं तुमचं. नाव, वारसा, सगळं. त्याची नोंदणी 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते.

बालसंगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे, ती राज्याची. एकल पालकाकडे किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात. आजी नातवाला सांभाळते आहे, आई गेली, वडील व्यसनात, अशा घरांना बहुतेक वेळा हीच योजना हवी असते.

प्रतिपालकत्व या दोन्हींहून वेगळं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल बालकल्याण समितीच्या आदेशाने काही काळासाठी तुमच्या घरी राहतं. एक वर्षापर्यंत असेल तर अल्पकालीन, त्याहून जास्त असेल तर दीर्घकालीन, आणि समिती ते मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत वाढवू शकते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून त्या मुलासाठी दरमहा 4,000 रुपये येतात. कायद्याने दत्तक देण्यायोग्य ठरलेलं मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही. त्यामुळे 'आधी सांभाळायला घेऊ, मग हळूच दत्तक करून टाकू' हा हिशेब मनात ठेवून येऊ नका. दोन वर्षं एका घरी राहिलेलं मूल पुढे दत्तकासाठी मोकळं झालं तर त्या घराचा विचार होऊ शकतो, ही तरतूद केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण तो योगायोग समजावा.

याच 2024 च्या सूचनांनी दार बरंच उघडलं. पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांना संधी होती. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित आणि कायदेशीर विभक्त व्यक्तींनाही अर्ज करता येतो. वय किमान 35. सहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी 55 पर्यंत आणि बारा ते अठराच्या मुलासाठी 60 पर्यंत. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही सांभाळता येते, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. जोडप्याच्या बाबतीत दोघांच्या वयाची बेरीज बघतात: किमान 70, आणि कमाल लहान गटासाठी 110, मोठ्या गटासाठी 115. शिवाय संसार किमान दोन वर्षं स्थिर असावा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ही वाट नाही, तेव्हा तान्ह्या बाळाची इच्छा असेल तर हा लेख इथेच थांबवलात तरी चालेल.

नाशिकमध्ये कुठून सुरुवात

जिल्ह्यात पंधरा तालुके आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष एकच. तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत नाशिक शहरात चालतो. बालकल्याण समितीच्या बैठकांसाठी लोक उंटवाडीचा पत्ता सांगतात. कक्षात आणि समितीत फरक आहे: कक्ष तपास करतो, तयारी करून घेतो, पैसे पोचवतो, तर आदेश फक्त समिती देते. सुरगाणा, नांदगाव किंवा मालेगावहून येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, म्हणून निघण्याआधी फोन करून संस्थाबाह्य काळजी, म्हणजे बालगृहाऐवजी घरात ठेवलेल्या मुलांचं काम बघणारे संरक्षण अधिकारी त्या दिवशी जागेवर आहेत का, हे विचारा. नुसते 'साहेब आहेत का' विचारलंत तर उत्तर नेहमी 'आहेत' असंच येतं. अर्ज ऑनलाइन पोर्टलवरही करता येतो, पण पहिली भेट प्रत्यक्ष झालेली बरी. प्रशिक्षण किंवा माहिती बैठक कधी आहे, हे त्याच भेटीत विचारून तारीख लिहून घ्या.

कागदपत्रं साधी आहेत: आधार, पॅन, रहिवासी पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, घरातल्या सर्वांचे वैद्यकीय अहवाल, पोलिस पडताळणी, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींचे संदर्भ. अडतं ते दोन ठिकाणी. वैद्यकीय अहवालात क्षयरोग, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या असाव्या लागतात. लोक फक्त 'फिट' असा शिक्का आणतात आणि परत फिरतात. दुसरं, पोलिस पडताळणी. पत्ता शहर आयुक्तालयाच्या हद्दीत की नाशिक ग्रामीणच्या, हे आधी पाहा. ओझर, निफाड, सिन्नरच्या लोकांनी शहरात अर्ज टाकला की तो फिरत राहतो.

घरभेट हाच पहिला धडा

केंद्राच्या आदर्श नियमांत कुटुंबाच्या गृह अभ्यास अहवालासाठी नमुना 30 आहे. समाजकार्यकर्ती येते, घर बघते, प्रत्येकाशी वेगळं बोलते. पुष्कळ कुटुंबं याला परीक्षा समजून पडदे बदलतात. पडद्यांशी कोणाला देणंघेणं नसतं. तुमच्या नजरेतून सुटलेलं ती दाखवते, म्हणून प्रशिक्षणातला हा सर्वांत उपयोगी तास.

मूल कुठे झोपेल? स्वतःची गादी, स्वतःचं पांघरूण, आणि कपड्यांना एक कप्पा जो दुसरं कोणी उघडणार नाही. वेगळी खोली नसली तरी चालते. मोठ्या माणसाबरोबर एका पलंगावर झोपणं मात्र नाही, मग ती प्रेमळ आजी का असेना. न्हाणीघराला आतून कडी हवी, आणि ती बाहेरून उघडता येण्याजोगी.

शेतावरच्या घरांची गोष्ट वेगळी. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या पट्ट्यात द्राक्षबाग असली की शेडमध्ये बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं असतातच. ती कुलपात हवीत, आणि रिकाम्या डब्यांत तांदूळ किंवा पाणी भरून ठेवणं बंद. फवारणीच्या दिवशी मूल बागेत नको.

त्याहून मोठा धोका शेततळ्याचा. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या कडा ओल्या झाल्या की साबणासारख्या निसरड्या होतात. आत घसरलेल्याला पकड मिळत नाही, पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. चारही बाजूंनी कुंपण घाला, फाटकाला कुलूप लावा, आणि चारही उतारांवर वरच्या खुंट्यांना बांधलेले, दर फुटाला गाठ मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. हवा भरलेली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब एका दोराला बांधून तळ्यापाशीच असू द्या. तुमची मुलं तिथेच लहानाची मोठी झाली, त्यांना धोका ठाऊक आहे. बालगृहातून आलेल्या मुलाने शेततळं कदाचित पाहिलेलंही नसेल.

प्रशिक्षणात काय असायला हवं

कक्षाची बैठक दोन-तीन तासांची असली तर ती पूर्ण करा, पण तिथे थांबू नका. साधारण वीस तास धरा. दर आठवड्याला दोन तास काढलेत तर अडीच महिन्यांत होतात, आणि अर्जाची प्रक्रिया तशीही तेवढा वेळ घेतेच. हा हिशेब कायद्यातला नाही, अनुभवावर बेतलेला आहे. नवरा-बायको दोघांनीही बसायचं. 'मी तिला सांगेन' असं म्हणणारे काका पहिल्याच वादात वेगळं बोलतात, आणि मुलाला फट सापडते. घरात सासू-सासरे असतील तर निदान चार तास त्यांच्यासाठी.

वीसपैकी सहा तास एकाच विषयाला द्या: हे मूल परत जाणार आहे. प्रतिपालकत्वाचा रोख मुलाला स्वतःच्या कुटुंबात परत पाठवण्याकडे असतो. आईवडील सध्या सांभाळायला अपात्र ठरले म्हणून मूल दिलं असेल तर त्यांना ठरावीक अंतराने भेटण्याची कायद्यातच सोय आहे, समितीने कारण नोंदवून नाकारलं नसेल तर. भेटीला येणाऱ्या आईच्या तोंडाला दारूचा वास असू शकतो. ती मुलाला घरी न्यायची भलतीच वचनं देईल. भेट झाल्यावर दोन दिवस मूल जेवणार नाही, अंगावर येईल. तेव्हा 'तुझी आई तशीच आहे' हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की महिन्यांची मेहनत वाया जाते, कारण मुलाच्या लेखी आईला लावलेला बोल त्यालाच लागतो.

याचा सराव मोठ्याने करावा लागतो. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने मोठं. मूल म्हणतं, 'तुम्ही माझे आईबाप नाहीत. मी तुमचं ऐकणार नाही.' सुचणारं उत्तर असतं, 'तुझ्यासाठी एवढं केलं, हेच ऐकायला का?' हे उत्तर बाद. चालेल असं उत्तर: 'खरंय, आम्ही नाही. तुझी आई वेगळी आहे आणि ती तुझीच आहे. पण रात्री दहानंतर मोबाइल बंद, हे या घरात सगळ्यांना लागू आहे. माझाही बंद केला, बघ.' आवाज खाली, उभे असाल तर खाली बसून, आणि वाक्यं तीन-चारच. पहिल्या दहा वेळा हसू येतं. विसाव्या वेळी ते अंगवळणी पडतं.

हाक काय मारायची तेही इथेच ठरवा. काका-काकू किंवा मामा-मामी. आई-बाबा म्हणण्याचा आग्रह धरू नये. मूल स्वतःहून म्हणालं तर अडवूही नये.

पुढचे पाच तास वागण्यासाठी. उपाशी राहिलेलं मूल पोळ्या उशीखाली लपवतं, पोट भरलेलं असतानाही. ही चोरी नव्हे. उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते. उपाय साधा आहे. मुलाच्या हाताला लागेल अशा जागी झाकणाचा एक डबा ठेवा, त्यात चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, एखादं केळं. डबा त्याचा, विचारायची गरज नाही, आणि तो कधीही रिकामा राहता कामा नये. दोन-तीन आठवड्यांत लपवणं ओसरू लागतं. ज्या दिवशी तुम्ही 'आज खूप खाल्लंस' म्हणून डबा उचलता, त्या दिवशी मोजणी पुन्हा शून्यावर येते.

अंथरूण ओलं होणं: दहा-बारा वर्षांच्या मुलांतही दिसतं. रबरी कापड, चादरींचे दोन संच, रात्री कमी उजेडात दोघांनी मिळून बदलायची, सकाळी त्यावर एकही शब्द नाही. पाणी तोडू नका. बद्धकोष्ठता किंवा लघवीचा संसर्गही कारण असू शकतो, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवा.

मारणं नाही, चिमटा नाही, उपाशी ठेवणं नाही, खोलीत कोंडणं नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 75 खाली मुलावरच्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी मारून काही साधत नाही, कारण या मुलाने तुमच्या चापटीपेक्षा बरंच जास्त सोसलेलं असतं आणि त्याला तुमच्या हाताची भीती राहत नाही, फक्त विश्वास जातो. त्याऐवजी काय करायचं हे शिकण्यासाठी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'संवाद' उपक्रमाचं साहित्य चांगलं आहे. स्वतःचा तोल जातोय असं वाटलं तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्यांसाठीही आहे.

भाषेला एक तास तरी द्याच. सटाणा, कळवण, मालेगावकडचं मूल 'माले भूक लागनी' म्हणालं आणि इंदिरानगरच्या फ्लॅटमधली चुलतभावंडं हसली, तर त्या मुलाने पुन्हा भूक सांगायची कशी? पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांची बोली आणखी वेगळी. त्याच्या बोलीतले वीस शब्द घरातल्यांनी शिकून ठेवा: भूक, तहान, दुखतंय, भीती, शी-शू, नको. आठवड्यातून दोनदा नागलीची भाकर करा. रोज पोळी-भाजी-वरण-भात चांगलंच, पण परक्या घरी ओळखीची चव लागली की मूल अर्धी भाकर जास्त खातं.

कायद्याचे तीन तास. त्यातल्या दोन गोष्टी तोंडपाठ हव्यात. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, किंवा तुम्हाला रास्त शंका आली, तर पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा ठरतो. 'आधी नीट विचारून घेऊ' म्हणून मुलाला चारचारदा प्रश्न विचारू नका. एकदा ऐका, 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, आणि कळवा. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर चोवीस तास फोन उचलला जातो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, हेही माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट ओळख उघड न करणं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो कोणत्याही माध्यमातून उघड करता येत नाही, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणसं वर्तमानपत्राचा विचार करतात आणि वाढदिवसाचा फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकतात. हळदीकुंकवात, भिशीत, सोसायटीच्या गणपतीत विचारणारे असतातच. त्यांच्यासाठी एकच वाक्य घरात सर्वांनी ठरवून ठेवायचं: 'आमच्याकडे राहायला आलाय.' कोणाचा, कुठला, का, याचं उत्तर नाही. 'बिचारा' हा शब्द तर मुलासमोर नकोच.

आरोग्याला दोन तास पुरेत. प्रथमोपचार, ताप, फिट आली तर कुशीवर वळवून तोंडात काहीही न घालणं. बालगृहातून आलेल्या मुलाला खरूज असेल तर घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी उपचार घ्यायचे आणि कपडे-पांघरुणं त्याच दिवशी गरम पाण्यात धुवायची, नाहीतर ती घरभर फिरत राहते. आदिवासी तालुक्यांतलं मूल असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का ते विचारा. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) लशी झाल्यात का तेही.

उरलेले तास तुमच्या स्वतःच्या मुलांसाठी. त्यांना विचारलं जात नाही, सांगितलं जातं, आणि मग तीन महिन्यांनी घरातला मुलगा चिडका होतो. कोणत्या वस्तू वाटून घ्यायच्या आणि कोणत्या फक्त तुझ्याच, याची यादी त्याच्याकडूनच करून घ्या. आलेल्या मुलाचा भूतकाळ त्याला सांगू नका. शाळेत तो बोलणारच.

मूल ठरतं कसं

मूल तुम्ही निवडत नाही. कक्षाकडे मुलाचा अभ्यास अहवाल असतो, नमुना 31, आणि त्यातल्या गरजा तुमच्या घराशी जुळवल्या जातात. भावंडं असतील तर शक्यतो एकत्रच द्यावीत असं कायदा म्हणतो, त्यामुळे एकाची तयारी करून गेलात आणि दोघं आली, असंही होतं. मुलाचं मत घेतलं जातं आणि ते नकोही म्हणू शकतं.

भेटी पायरीने व्हाव्यात असा आग्रह धरा. पहिली भेट बालगृहातच, अर्धा तास, खाऊचा डोंगर न नेता. दुसरी-तिसरी तिथेच, जरा लांब. समितीची परवानगी असेल तर मग दिवसभर घरी, आणि एखादी रात्र. घाई झाली की मुलाला कळतच नाही की ही माणसं पाहुणे आहेत की आपण. समितीचा आदेश नमुना 32 मध्ये होतो, तुमचं हमीपत्र नमुना 33. हमीपत्रावर सही करण्याआधी ते घरी नेऊन वाचायला मागा. शिक्षण, आहार, आरोग्य यांची जबाबदारी तुमची, समिती म्हणेल तेव्हा मूल हजर करायचं, हे त्यात आहे. सोबत मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा मागून घ्या. मूल आधी कुठे राहिलं, काय औषधं चालू आहेत, कोण भेटायला येतं, हे त्यात सापडतं. तो न घेता मूल घरी आणलं तर पहिल्या तापात डॉक्टर विचारतात ते एकही उत्तर तुमच्याकडे नसतं.

पहिले पंधरा दिवस

पाहुण्यांना बोलावू नका. देवदर्शन, मॉल, पंचवटीची सहल, सगळं पुढे ढकला. जेवण, अंघोळ, झोप रोज त्याच वेळी. पहिल्याच दिवशी घर दाखवताना शौचालय, रात्रीचा दिवा आणि डबा या तीन गोष्टी दाखवा, बाकी सावकाश. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा चालू असू द्या. जवळ घेण्याआधी विचारा. बरीच मुलं पहिला आठवडा फार शहाणी वागतात आणि घरातले खूश होतात. तो शहाणपणा भीतीचा असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आरडाओरडा सुरू झाला की 'बिघडला' म्हणू नका. आता इथे रागावता येतं, एवढी खात्री त्याला पटली आहे.

शाळेचं लगेच बघा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला आला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. वर्ष अर्धं उलटलं असलं तरी नाही. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण हा त्याचा हक्क आहे. फक्त एक काळजी घ्या: जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं मूळ नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात आणि धर्म जसंच्या तसं लागलं पाहिजे. प्रेमाने स्वतःचं आडनाव लावणारे लोक आहेत. पुढे महादेव कोळी किंवा कोकणा समाजाच्या त्या मुलाला जात पडताळणी करायची वेळ येते, तेव्हा ती एक नोंद त्याची शिष्यवृत्ती आणि प्रवेश अडवून ठेवते. वर्गशिक्षकाला एवढंच सांगा की तो आमच्याकडे राहतो आणि निरोप आम्हाला द्या.

घरकामाचं तारतम्य. स्वतःचं ताट उचलणं, गादी घालणं ठीक. तुमची मुलं क्लासला आणि हे मूल भांड्याला, असं चित्र महिन्याच्या पाहणीत दिसलं तर समिती मूल काढून घेऊ शकते, आणि तिने घ्यावंच. कांद्याच्या काढणीत किंवा द्राक्षाच्या हंगामात मजूर मिळत नाही म्हणून शाळा बुडवून बागेत नेणं, हेही त्यातच येतं.

वही, पैसे, पाहणी

प्रतिपालक कुटुंबाची पाहणी समितीने दर महिन्याला करायची असते, त्यासाठी नमुना 35 आहे. त्या वेळी आठवून सांगण्यापेक्षा दोनशे पानी वही लावा. रोज चार ओळी: झोप, जेवण, शाळा, तब्येत, आणि कोणी भेटलं असेल तर कोण. मत लिहू नका, दिसलं ते लिहा. 'आज फार चिडचिड केली' यातून समुपदेशकाला काही कळत नाही. 'चारला शाळेतून आला, दप्तर फेकलं, वीस मिनिटं पलंगाखाली बसून होता, विचारलं तर म्हणाला उद्या वडील येणार' यातून सगळं कळतं. तीन महिन्यांची वही उलटली की धागा दिसतो: राग दर भेटीच्या आदल्या दिवशी येतो. मग भेटीची तारीख आधी किती दिवस सांगायची, हे ठरवता येतं.

4,000 रुपये मुलाचे. ते घरखर्चात मिसळू नयेत म्हणून खातं वेगळं ठेवा आणि बिलं त्याच वहीच्या मागच्या पानांत चिकटवा. सरकारी रक्कम आहे, उशिरा येते. तीन-चार महिने स्वतःच्या खिशातून चालवता येईल एवढी तयारी असेल तरच हो म्हणा. लग्नाकार्याला जिल्ह्याबाहेर न्यायचं, शस्त्रक्रिया करायची, घर बदलायचं, तर कक्षाला आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. मूल निघून गेलं तर 'संध्याकाळपर्यंत येईल' म्हणून थांबू नका. लगेच पोलिस, 1098 आणि कक्ष, तिन्हीकडे. नाशिकरोड, मनमाड आणि इगतपुरीची स्टेशनं जवळ आहेत, आणि गाडीत बसलेलं मूल दोन तासांत दुसऱ्या जिल्ह्यात असतं.

जमत नाहीये असं वाटलं तर दुसऱ्या महिन्यातच बोला. मूल बदलून घेण्यासाठी नव्हे, मदत येण्यासाठी. लाजेखातर लपवत राहिलेलं कुटुंब शेवटी एका रात्री हात टेकतं, आणि मुलाला सकाळी पिशवी भरून परत जावं लागतं. त्याच्यासाठी ते आणखी एक घर तुटणं असतं.

परत पाठवताना

आदेश आला की मुलाला सांगणं तुमचं आणि समाजकार्यकर्तीचं, दोघांचं मिळून. निदान दोन-तीन आठवडे आधी, कॅलेंडरवर खूण करून. परत जाण्याआधी भेटी वाढवाव्यात, रात्रीचा मुक्काम आईकडे व्हावा, यासाठी कक्षाकडे विनंती करता येते. मूल या दिवसांत मुद्दाम भांडेल, म्हणजे निघणं सोपं जातं. वाद वाढवू नका.

सामान प्लास्टिकच्या पिशवीत देऊ नका. चेन असलेली बॅग घ्या आणि ती त्यालाच भरू द्या. त्यात कपडे, त्याचा तो डबा भरून, एक अल्बम ज्यात तुमच्या घरचे, शाळेचे आणि त्याच्या आईच्या भेटींचेही फोटो आहेत. वेगळ्या फायलीत लसीकरणाचा आणि औषधांचा कागद, प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुकची प्रत. त्याच्या आईला हातात देण्यासाठी अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहा: रात्री दिवा लागतो, कारल्याची भाजी खात नाही, ताप आला की आधी पोट दुखतं म्हणतो, शनिवारी शाळा सकाळची.